गळ्यावर केशरी नसलेला माशीमार: लाल छातीचा की तैगा?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवेगावबांधच्या तलावाकाठी, बांबूच्या बेटाजवळ तुम्हाला चिमणीहून लहान, मातकट रंगाचा एक पक्षी दिसला. शेपटी सारखी वर उडवत होता आणि उडाला की शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकायचं. चार फोटो काढलेत, अकरा सेकंदांचा आवाज मोबाइलवर घेतलात. ॲपने ‘रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर’, म्हणजे लाल छातीचा माशीमार, सांगितलं. मित्र म्हणाला, विदर्भात दिसला म्हणजे तैगाच. सोबतच्या गाइडने ‘निळ्या माशीमाराची मादी’ असं सांगून विषय संपवला. तिघांपैकी खरं कोण आणि कशावरून, हा तुमचा प्रश्न.

उत्तर आधी सांगून टाकतो. पक्षी तैगा माशीमार आहे. म्हणजे मित्राचं उत्तर बरोबर, पण कारण चूक. आणि मला विचाराल तर चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर जास्त त्रास देतं, कारण पुढच्या वेळी तो त्याच भरवशावर ठोकून देणार आणि तोंडघशी पडणार. मी स्वतः पडलोय, ते पुढे येईल.

आधी गाइडचं बघू, म्हणजे ते बाजूला होईल. टिकेलचा निळा माशीमार आपल्याकडे बाराही महिने असतो. त्याची मादी नराहून फिकी असली तरी पाठीवर निळसर करडी झाक असते, छातीवर फिकट नारिंगी असतं आणि मुख्य म्हणजे शेपटीत पांढरं अजिबात नसतं. तुमचा चौथा फोटो, जो तुम्ही ‘हललेला आहे, माफ करा’ म्हणून पाठवलात, तो या कामाला पुरेसा आहे. त्यात शेपटी अर्धी उघडली आहे आणि मुळाजवळ दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे स्पष्ट आहेत. हिवाळ्यात महाराष्ट्रात दिसणाऱ्या मातकट, छोट्या माशीमारांमध्ये हे पांढरं दिसलं की बाकीचे उमेदवार आपोआप गळतात. तपकिरी माशीमाराला ते नसतं. त्याचे डोळे बटणासारखे मोठे, भोवती ठळक पांढरं कडं, आणि तो शेपटी वर न उडवता फांदीवर सरळ, शहाण्या मुलासारखा बसतो. तपकिरी छातीचा माशीमार सह्याद्रीत मिळतो, त्याचे पाय फिकट असतात. तांबूस शेपटीच्या माशीमाराची शेपटी नावाप्रमाणेच तांबूस. थिरथिऱ्याच्या मादीवरूनही नवे लोक गोंधळतात, पण ती शेपटी उडवत नाही, थरथरवते. आणि तिची शेपटी विटेच्या रंगाची असते. तेव्हा पांढऱ्या पट्ट्यांनी आपल्याला दोन नावांवर आणून सोडलं: लाल छातीचा माशीमार, शास्त्रीय नाव फिसेड्युला पार्वा, आणि तैगा माशीमार, फिसेड्युला अल्बिसिला. इथून पुढे खरी मेहनत.

तिसरा एक आहे, काश्मीर माशीमार. त्यालाही शेपटीत पांढरं असतं. पण तो काश्मीरच्या आसपासच्या डोंगरांत घरटी करतो आणि हिवाळा श्रीलंकेच्या डोंगरांत नि निलगिरीसारख्या उंच भागात काढतो. नराच्या केशरी गळ्याछातीला काळी किनार असते. जगभरात संख्या थोडी, धोक्याच्या यादीत नाव. नवेगावच्या बांबूत त्याचा विचार करायला नको, पण वाटेत कुणाला दिसलाच तर किनार बघायची एवढं लक्षात ठेवा.

आता या दोघांची कुळकथा थोडी सांगतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू झालाय. पार्वाचं, म्हणजे लाल छातीच्याचं, शास्त्रीय वर्णन बेखश्टाइन या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1792 मध्ये केलं. पार्वा म्हणजे लहान. तैगाचं वर्णन रशियाच्या सेवेत असलेल्या पालासने 1811 मध्ये केलं. अल्बिसिला म्हणजे पांढऱ्या शेपटीचा. गंमत म्हणजे पांढरी शेपटी दोघांनाही आहे, नाव मात्र एकाच्या वाट्याला आलं. पुढे दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानलं गेलं, आणि सलीम अलींच्या पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या पिढीने हिवाळ्यात दिसणाऱ्या प्रत्येक शेपटी-उडव्याला ‘रेड-ब्रेस्टेड’ म्हणून वहीत टाकलं. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आवाज, पिसारा, पिसं बदलण्याचं वेळापत्रक अशा पुराव्यांवर दोघांना पुन्हा वेगळं केलं गेलं. म्हणजे पालासचंच खरं ठरलं. आमच्या वह्या मात्र तशाच राहिल्या.

पार्वा मध्य आणि पूर्व युरोपात घरटी करतो, उरल पर्वतापर्यंत. तिथले बहुतेक छोटे कीटकखाऊ पक्षी थंडीत आफ्रिकेचा रस्ता धरतात. हा गडी मात्र आग्नेयेला वळतो आणि आपल्याकडे येतो. पोलंडमधून पुण्याला सरळ रेषेत यायचं म्हटलं तरी साडेपाच-सहा हजार किलोमीटर होतात, आणि पक्ष्याचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास. दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम जास्त. तैगा उरलच्या पूर्वेला, सैबेरियाच्या सूचिपर्णी जंगलांत थेट कामचाटकापर्यंत घरटी करतो आणि हिवाळ्यात आग्नेय आशिया, ईशान्य भारत, मध्य नि पूर्व भारतात उतरतो. त्यामुळे महाराष्ट्रात पश्चिमेला पार्वा जास्त आणि पूर्वेकडे सरकावं तसं तैगाचं प्रमाण वाढत जातं, हे खरं आहे. तुमचा मित्र इथपर्यंत बरोबर. पण प्रमाण वाढतं म्हणजे दुसरा नसतोच असं नाही. मेळघाटात एका फेब्रुवारीत मला एकाच नाल्यात, दोनशे पावलांच्या आत दोन्ही मिळाले होते. पक्षी नकाशा वाचून येत नाहीत. नकाशाचा उपयोग संशय घ्यायला करा, निकाल द्यायला नको.

आता केशरी गळ्याचं. लोक पुस्तकात केशरी गळ्याचा देखणा नर बघतात आणि जंगलात तोच शोधत बसतात. इथे तारीख फार कामाची आहे. पार्वाच्या प्रौढ नराचा केशरी गळा वर्षभर राहतो. तैगाचा नर मात्र घरटी आटोपल्यावर पिसं बदलतो तेव्हा केशरी टाकून देतो आणि हिवाळाभर मादीसारखा मातकट राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जाण्याआधी त्याच्या गळ्यावर पुन्हा रंग चढतो. म्हणजे डिसेंबरात गळा ठसठशीत केशरी दिसला तर तो पार्वा, जवळजवळ डोळे मिटून. मार्चच्या अखेरीस केशरी दिसला तर दोघांवरही संशय घ्यायचा आणि केशरी कुठपर्यंत उतरलंय ते बघायचं. तैगाचा रंग गळ्यापुरताच असतो, खाली करड्या छातीचा पट्टा त्याला अडवतो. जणू गळ्यात रुमाल बांधलाय. पार्वाचा रंग गळ्यावरून छातीवर सांडतो आणि खाली हळूहळू फिका होत जातो, मध्ये करडा बांध नसतो.

माझी फजिती इथलीच. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, चंद्रपूरकडच्या जंगलात एका पाणवठ्यावर केशरी गळ्याचा माशीमार आला. मी मोठ्या ऐटीत सोबतच्या पाच-सहा जणांना सांगितलं, लाल छातीचा, प्रौढ नर, आणि वर तो युरोपातून कसा येतो याचं भाषणही दिलं. सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. सहा महिन्यांनी त्यातल्याच एका मुलीने मला फोटो पाठवला आणि विचारलं, काका, केशरीच्या खाली हा करडा पट्टा कसला? तैगा होता. भाषण फुकट गेलं आणि पाच-सहा वह्या माझ्यामुळे चुकल्या. त्या मुलीला आता मीच शंका विचारतो.

तुमचा पक्षी मातकट आहे आणि महिना डिसेंबर. म्हणजे गळा काहीच मदत करत नाही. पार्वाची मादी, पार्वाचा यंदा जन्मलेला नर, तैगाची मादी, तैगाचा प्रौढ नर, तैगाचं यंदाचं पिल्लू, सगळे या वेळी असेच दिसतात. म्हणून असा पक्षी दिसला की यादीत ‘मादी’ लिहू नका. हे मी जरा आग्रहाने सांगतोय, कारण माझ्या जुन्या वह्यांत ‘लाल छातीचा, मादी’ अशा नोंदींची रांग आहे आणि त्यातली एकही आता मी छातीठोकपणे मादी म्हणू शकत नाही. पार्वाचे नर तर पहिल्या उन्हाळ्यातही मातकटच असतात आणि त्याच वेषात घरटीसुद्धा करतात. ‘मादीसारखा’ लिहा, तेवढं पुरे.

मग बघायचं काय? शेपटीचं मूळ, वरच्या बाजूने.

पक्षी फांदीवर बसतो तेव्हा पंखांची टोकं पाठीवर येऊन शेपटीचं मूळ झाकतात. तिथे, पाठ संपून शेपटी सुरू होते त्या जागी, काही पिसं शेपटीच्या मुळावर पांघरुणासारखी पडलेली असतात. तैगामध्ये ही पिसं कुळकुळीत काळी असतात, नर असो, मादी असो, पिल्लू असो. शेपटीपेक्षाही काळी, तव्याच्या खालच्या बाजूसारखी. पार्वामध्ये तीच पिसं मातकट-करडी असतात, चहाच्या चोथ्याच्या रंगाकडे झुकणारी, आणि शेपटीपेक्षा फिकी दिसतात. पार्वाच्या प्रौढ नरात ती जरा गडद होतात हे खरं, पण त्याचा गळा केशरी असतो, त्यामुळे डिसेंबरात तिथे गोंधळ उरत नाही.

या खुणेचा मोठा फायदा असा की तुलना पक्ष्याच्या अंगावरच होते. बांबूच्या सावलीत कॅमेरा सगळंच हिरवट-काळपट करतो. ‘हा काळा आहे की गडद तपकिरी’ यावर तासभर वाद घालता येतो. पण ‘मुळावरची पिसं त्याच पक्ष्याच्या शेपटीपेक्षा काळी आहेत की फिकी’ हा प्रश्न उजेड कसाही असला तरी बराचसा सुटतो, कारण दोन्हींवर उजेड एकच पडलेला असतो. फोटो उजळवा, काळा करा, काहीही करा, दोघांमधला फरक तसाच राहतो.

तुमचा तिसरा फोटो त्यासाठी सोन्यासारखा आहे. तुम्ही तो बाजूला टाकला होतात, ‘तोंड दिसत नाही’ म्हणून. पक्षी पाठमोरा आहे, शेपटी नुकतीच उडवली आहे आणि ती उडवताना पंख दोन्ही बाजूंना खाली सोडलेत. त्यामुळे मधला पट्टा उघडा पडलाय. फोटो मोठा करून बघा: पाठ धुळकट करडी, मग एकदम काजळाचा डाग, आणि त्याच्या पुढे शेपटी, जी काळसर आहे पण त्या डागापुढे फिकी वाटते. हे तैगाचं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. फोटोग्राफर मंडळी पाठमोरे फोटो घरी गेल्यावर पहिले उडवतात. माशीमारांच्या बाबतीत मी उलटं करतो: एखाद्याकडे चाळीस फोटो असले तर आधी पाठीचे मागतो.

हा फोटो मुद्दाम कसा मिळवायचा? या पक्ष्याची सवय आपल्या कामाची आहे. तो एका फांदीवर बसतो, माशी नाहीतर पतंग टिपायला झेप घेतो, कधी पानाखाली क्षणभर फडफडत थांबतो, कधी जमिनीवर उतरतो, आणि पुन्हा त्याच भागात येऊन बसतो. बसल्या बसल्या पहिली गोष्ट करतो ती शेपटीचा झटका. झटक्यासोबत पंख खाली येतात. तेवढ्या अर्ध्या सेकंदात पाठ उघडी पडते. तेव्हा त्याच्या मागे मागे धावू नका. एका झाडाला टेकून उभे राहा, तो पाठमोरा बसला की दुर्बीण शेपटीच्या मुळावर धरा आणि झटक्याची वाट बघा. हिवाळ्यात हे पक्षी आपापल्या तुकड्यात एकेकटे राहतात. आज आंब्याच्या राईत जो भेटला तो पंधरा दिवसांनीही बहुतेक तिथेच सापडतो. घाई कसली आहे?

आणि आवाज वाजवून बोलवू नका, हे एवढं एकदाच सांगतो. तो काही आपल्याशी भांडायला सैबेरियाहून आलेला नाही.

आवाजावरून ओळख पटवणं मला सर्वांत आवडतं, कारण पक्षी पानांत दडलेला असला तरी जमतं. दोघेही शेपटीच्या झटक्यासोबत कोरडी खरखर काढतात. घरात कंगवा असेल तर तो घ्या. दातांवरून नख जरा सावकाश ओढा, एकेक दात जाणवेल इतपत: ट्र-र-र-र. हा पार्वा. आता तेच नख झर्रकन ओढा, दात मोजता येणार नाहीत, नुसती सलग खर्र: ट्र्र्र्र्र. हा तैगा. तैगाची खरखर घाईची, कोरडी, यंत्रासारखी; पार्वाची जरा सैल आणि मऊ. एकटीच ऐकली तर सुरुवातीला फरक कळत नाही, दोन्ही लागोपाठ ऐकल्या की एका दिवसात कान तयार होतो. तुमच्या अकरा सेकंदांत मागे सातभाई पक्षी ओरडतायत आणि कुणीतरी ‘इकडे, इकडे’ म्हणतंय, पण पाचव्या आणि नवव्या सेकंदाला खरखर स्वच्छ आहे. दोन्ही वेळा सलग, एकेक ठोका सुटा होत नाही. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप असेल तर तिथेही बघा: उभ्या रेघा इतक्या खेटून आहेत की पट्टाच वाटतो. पार्वाच्या रेघांमध्ये फट दिसते.

बाकीच्या खुणा साक्षीदार म्हणून वापरायच्या, न्यायाधीश म्हणून नाही. पहिली चोच. पार्वाच्या खालच्या चोचीचं मूळ फिकट असतं, गुलाबी-पिवळसर. तैगाची चोच बहुधा पूर्ण काळी. तुमच्या दुसऱ्या फोटोत बाजूने चोच दिसते आणि ती काळीच आहे. पण काही तैगांत, विशेषतः पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांत, मुळाशी किंचित फिकट असू शकतं. आणि आकाशाचा उजेड खालच्या चोचीवर चमकला तर काळी चोचही फिकट वाटते. म्हणून एका फोटोवरून चोचीबद्दल बोलू नये. दुसरी खूण छाती. पार्वाच्या गळ्यापासून छातीपर्यंत सायीच्या रंगाची, किंचित पिवळट उबदार झाक पसरलेली असते. तैगाचा गळा पांढरट आणि छाती करडी, त्यामुळे गळा वेगळा उठून दिसतो. तुमच्या पहिल्या फोटोत तसा तो दिसतोय. पण तो फोटो सावलीतला आहे, आणि सावलीत सायीचा रंगही करडा होतो. शिवाय हिवाळा सरत आला की पिसं झिजून पार्वाची सायही फिकी पडते. फेब्रुवारीत केवळ छातीवरून कुणी ठाम बोलत असेल तर मी ऐकून घेतो आणि तिसरा फोटो मागतो.

ॲप का चुकलं, तेही यातच आहे. तुम्ही ॲपला पहिला फोटो दिलात, समोरचा, सावलीतला, ज्यात शेपटीचं मूळ दिसतच नाही. त्या फोटोवरून मीही ठाम सांगितलं नसतं. फरक इतकाच की मी ‘दोघांपैकी एक’ म्हणून थांबलो असतो, ॲपने वरचं नाव दिलं आणि तुम्ही ते निकाल म्हणून घेतलंत. ॲपला आता तिसरा फोटो देऊन बघा, कदाचित मत बदलेल. बदललं नाही तरी तुम्ही बदलू नका.

थांबण्याची सोय ई-बर्डवरही, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावरही, आहे. तिथे ‘तैगा किंवा रेड-ब्रेस्टेड’ अशी जोडनोंद करता येते. पुष्कळ जणांना ती नोंद म्हणजे हार वाटते. माझ्या गेल्या हिवाळ्यातल्या नोंदी काढल्या तर बऱ्याच अशाच जोडनोंदी निघतील: पक्षी उंच शेंड्यावर होता, पाठ दिसली नाही, बोलला नाही. मग कशाला खोटं लिहायचं? पूर्वेकडे तैगा कुठपर्यंत येतो, पश्चिमेकडे पार्वा कुठे विरळ होतो, हे नकाशे आपल्यासारख्यांच्या नोंदींवरून बनतात. तुमच्या मित्रासारखे शंभर जण ‘विदर्भ म्हणजे तैगा’ धरून नोंदी करू लागले तर नकाशा तेच दाखवणार, आणि मग तोच नकाशा पुढच्या शंभर जणांना पुरावा म्हणून मिळणार. सह्याद्रीत याच्या उलट होतं. तिकडे प्रत्येक जण ‘पार्वाच असणार’ म्हणून पाठ बघत नाही, आणि अधूनमधून येणारा तैगा कुणाच्या नजरेत येत नाही. ठाणे-पुण्याकडच्या वाचकांनी माझं हे वाक्य मनावर घ्यावं. येऊर असो की सिंहगडाचा पायथा, डिसेंबरात मातकट पक्षी दिसला की एकदा तरी पाठीचा फोटो काढा.

तुमच्या पक्ष्याबद्दल अजून एक गोष्ट सांगता येते, जी तुम्ही विचारली नव्हती. दुसऱ्या फोटोत बंद पंखावर बघा. मधोमध बारीक फिकट ठिपक्यांची एक ओळ आहे, आणि पाठीजवळच्या मोठ्या पिसांच्या टोकांनाही फिकट टिकल्या आहेत. प्रौढ पक्ष्याचा पंख एकरंगी असतो. या टिकल्या पिल्लूपणीच्या पिसांवर उरलेल्या असतात. म्हणजे हा पक्षी यंदाच्या उन्हाळ्यात, सैबेरियाकडच्या कुठल्यातरी जंगलात झाडाच्या ढोलीत जन्मला. तुम्हाला भेटला तेव्हा त्याचं वय सहा महिन्यांच्या आसपास. आयुष्यातला पहिला प्रवास करून तो नवेगावला पोचला. त्याला वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात, हे छोटे पक्षी रात्री आणि आपापले उडतात.

तेव्हा नोंद अशी करा: तैगा माशीमार, एक, पहिल्या हिवाळ्यातला, लिंग लिहू नका. तिसरा फोटो आणि आवाज दोन्ही जोडा, चौथाही जोडा. शेऱ्यात दोन ओळी लिहा, ‘शेपटीच्या मुळावरची पिसं शेपटीपेक्षा काळी, खरखर जलद आणि सलग’. नोंदी तपासणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही, आणि दहा वर्षांनी तुम्हालाच शंका आली तर पुरावा हाताशी राहील.

नर की मादी हे मात्र तुम्हाला स्वतःला शोधता येईल, थोडं नशीब असेल तर. तैगाच्या यंदाच्या नरांनाही पहिल्याच वसंतात गळ्यावर केशरी चढतं. पार्वाच्या पोरांसारखं त्यांना वर्षभर थांबावं लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच बांबूच्या बेटापाशी सकाळी जा. पक्षी एप्रिलपर्यंत निघून जातात, पण तेव्हा असायला हवा. गळ्यावर आधी दोन-चार केशरी पिसं फुटतात, मिसरूड फुटावं तशी, लांबून हनुवटीला काहीतरी लागलंय असं वाटतं. तसं दिसलं तर नर. आणि या वेळी समोरचा फोटो आधी पाठवा, चालेल.